किल्ली कोणाकडे ठेवायची?

आमच्या घरात जिन्याखाली भिंतीत एक लांब खिळा आहे. त्यावर नऊ किल्ल्या लटकतात आणि त्यांतली एकही आमच्या घराची नाही. एक पुण्याला मुलाकडे गेलेल्या शेजारणीची. दोन आमच्याच भावकीतल्या घरांच्या. तीन पोलादपूरकडच्या गावांतल्या, मी तिथे शिकवत होते तेव्हाच्या ओळखीच्या. बाकीच्या अशाच. "असू दे काकू तुमच्याकडे, गणपतीला येतोच आम्ही," असं म्हणून दिलेल्या. काही किल्ल्यांचे पुष्कळ गणपती येऊन गेले, माणसं आली नाहीत. किल्ल्यांना गंज चढतो, मी दिवाळीच्या आधी खोबरेल लावून पुसते. एवढंच.

परवा माझा एक जुना विद्यार्थी आला. आता चाळिशीचा आहे. एमआयडीसीत कंत्राटावर होता, ते काम सुटलं. मोटरसायकल आहे, फोन आहे, आणि महाड-पोलादपूर तालुक्यातली वाडी न् वाडी पायाखालची आहे. म्हणाला, "बाई, बंद घरं बघायचं काम सुरू करतोय." महिन्यातून दोन फेऱ्या. कुलूप, कौलं, भिंती, मीटर, विहिरीचा पंप सगळं बघायचं, फोटो काढायचे, मालक मुंबईत असो की मस्कतला, त्याला त्याच दिवशी पाठवायचे. घरपट्टी आणि लाईट बिल भरायचं. गणपतीच्या आधी घर झाडून, टाकी धुऊन द्यायची. महिन्याचे पाचशे रुपये. "तुमच्याकडे चाव्या आहेत ना, त्या लोकांना माझ्याबद्दल सांगाल का?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरे, शेजारधर्माचे पैसे घ्यायचे?"

तो काही बोलला नाही. चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. मग मला रात्री झोप येईना. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला आणि सांगितलं की "पूर्वी असंच होतं" हे वाक्य पुराव्याशिवाय लिहायचं नाही, गुण कापीन. आणि स्वतः मात्र तेच वाक्य मनात धरून त्याला गप्प केलं. पूर्वी नक्की कसं होतं? बंद घर कोण राखत होतं, आणि ते खरंच फुकट होतं का?

पहिली गोष्ट अशी, की आमच्या भागात माणसं बाहेर जाणं जुनं आहे, घराला कुलूप लागणं तितकं जुनं नाही. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटवरून दासगावपर्यंत बोटी येत. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेला आले ते मुंबईहून बोटीनेच, दासगावला उतरून. त्याच वाटेने आमच्याकडचे पुरुष उलट दिशेला जात होते. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी पलटणीत. फौजी आंबवडे हे आमच्या महाड तालुक्यातलं गाव घराघरातल्या सैनिकांसाठीच ओळखलं जातं, नावच तसं पडलं आहे. टपालखात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि दूर राहून घर चालवण्याची सोय झाली. पण यात जायचा तो पुरुष. बायको, आई, म्हातारा, पोरं, म्हैस सगळे इथेच. घर चालू होतं. चूल पेटत होती. मालक गैरहजर असला तरी घर बंद नव्हतं, कारण राखण करायला घरातलीच बाई होती. तिला कोणी राखणदार म्हटलं नाही आणि मजुरी दिली नाही. मनीऑर्डर यायची ती पोट भरायला.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकात, कायमचं कुलूप लागलेलं घर गावात एखादंच असायचं आणि आम्ही पोरं त्याच्या पडवीत जायला घाबरायचो. भूत आहे म्हणायचे. नंतर नोकऱ्या टिकल्या, मुंबईत खोली मिळाली, बायकापोरं तिकडे गेली. मग म्हातारी माणसं गेली, कायमची. कुलपं लागायला लागली ती तेव्हा. आता वरच्या अंगाच्या काही वाड्यांत गेलं तर घाबरावं अशी घरं जास्त, आणि घाबरायला पोरंच नाहीत.

तर किल्ली शेजारी द्यायची ही रीत काही अनादि काळापासूनची नाही. माझ्या एका आयुष्यात ती आली, आणि आता जाते आहे.

ती फुकट होती का? मी माझ्या आईचंच उदाहरण घेतलं. आमच्या शेजारच्या घराची किल्ली तिच्याकडे होती. पावसाळ्यात ती दर पंधरा दिवसांनी ते घर उघडायची, मला बरोबर न्यायची, आणि तिथल्या चुलीत ओल्या-सुक्या काटक्या घालून मुद्दाम धूर करायची. माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. मी विचारायची, स्वयंपाक नाही तर चूल कशाला? ती म्हणायची, घराला धूर लागतो. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. कौलारू घराचे वासे, आढं, पाटया या धुराने काळ्या होऊन टिकतात, कीड धरत नाही. चूल विझली की लाकूड उघडं पडतं. महाडला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पोलादपूरच्या डोंगरात त्याहून जास्त. माकडाने एक कौल सरकवलं की एका वाशावर थेंब पडायला लागतो. पहिल्या वर्षी डाग. दुसऱ्या वर्षी वासा मऊ. तिसऱ्या वर्षी तो खचतो, सोबत दहा कौलं येतात, आणि मग मातीची भिंत उघड्यावर पाऊस पिते. वरून पाणी, खालून वाळवी. वेळेवर सरळ केलेलं एक कौल म्हणजे पाच मिनिटांचं काम. ते पाच मिनिटांचं काम करायला माणूस नाही म्हणून घर जातं.

मग या कामाचं आईला काय मिळायचं? बारकाईने आठवलं तर पुष्कळ. त्यांच्या परसातला फणस आमचा. आंबा अर्धा आमचा, अर्धा मुंबईला पेटीतून. त्यांच्या पडवीत आमचा पेंढा आणि गोवऱ्या. गणपतीला ते आले की आईला पातळ, आम्हाला बिस्किटांचा डबा आणि वासाचा साबण. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे माझा थोरला भाऊ नोकरी शोधायला मुंबईला गेला तो त्यांच्या लालबागच्या खोलीत दोन वर्षं राहिला. गॅलरीत झोपला, पण राहिला. एका खोलीत आठ माणसं असताना नववं घेणं हे उपकार नव्हते. ते किल्लीचं भाडं होतं. दोन्ही बाजूंना माहीत होतं, बोलायचं कोणी नाही.

गावमंडळांच्या खोल्या असायच्या गिरणगावात, तिथेही हाच हिशेब. तिकडे गावचा नवा पोरगा सांभाळायचा, इकडे गावाने त्यांची घरं सांभाळायची. वहीत न लिहिलेला, पण पक्का.

हा हिशेब कधी मोडला? माझ्या मते १९८२ नंतर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही. काही माणसं गावी परतली, बाकीची मिळेल तिथे, दूरच्या उपनगरांत सरकली. लालबागच्या खोलीत नवव्याला जागा मिळेना, कारण खोलीच राहिली नाही. आणि इकडच्या पोरांना ती नकोही झाली. महाडला एमआयडीसी होती, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, वीर स्टेशनवरून हवं तिथे जाता यायला लागलं. किल्ली मात्र शेजाऱ्याकडेच राहिली. एका पारड्यातलं वजन निघून गेलं आणि दुसऱ्या पारड्यातल्या माणसाला आपण म्हणायला लागलो, शेजारधर्म.

कोणी विचारेल, घर नुसतं बंद का ठेवलं, भाड्याने का नाही दिलं? यालाही इतिहास आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला, भाडेकरूला हलवता येत नाही ही धास्ती शहरातून गावात आली. मग कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. हे न्यायाचंच झालं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण गैरहजर मालकाच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच: जो आत बसला त्याचं झालं. त्यात बारा वर्षांच्या ताब्याची भीती. म्हणून घर पडलं तरी चालेल पण कोणाला राहायला द्यायचं नाही. माझ्या ओळखीत असं एक घर खरोखर पडलं. चार भाऊ, चार शहरांत. एकमेकांवर विश्वास नाही, शेजाऱ्यावर त्याहून नाही.

या भीतीला न्यायालयाने उत्तर दिलेलं आहे, ते फार जणांना ठाऊक नसतं. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की राखणदार म्हणून, नोकर म्हणून किंवा नात्याखातर घर सांभाळणाऱ्याला त्या घरात कधीही हक्क मिळत नाही, मग तो कितीही वर्षं तिथे असो. मी हे त्या विद्यार्थ्याला नंतर सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या करारात पहिल्याच ओळीत लिही की मी राखणदार आहे आणि ताबा मालकाचा आहे. ते वाक्य मालकाला झोप देईल आणि तुलाही.

दुसरी एक गोष्ट त्याला सांगितली. आगीच्या विम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत एक अट असायची: घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची संमती घेतलेली नसली, तर संरक्षण संपतं. लोक विमा उतरवतात आणि अटी वाचत नाहीत. अमेरिकेत तर हे घरं बघण्याचं काम चांगला प्रस्थापित व्यवसाय आहे. थंडीपुरते फ्लोरिडात राहणारे लोक उन्हाळ्यात घर बंद करून जातात, त्यांची घरं बघणाऱ्यांची देशव्यापी संघटना २००९ मध्ये स्थापन झाली. माझी पुतणी तिकडे असते, ती म्हणाली, आत्या, इथे तर बघणारा नळसुद्धा सोडून बघतो, सही करून कागद ठेवतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३३ कोटी घरांपैकी जवळजवळ २ कोटी ४६ लाख घरं रिकामी निघाली. त्यात आमची गणपतीपुरती उघडणारी घरं कितपत धरली गेली असतील कोण जाणे, कारण जनगणनेत रिकामं वेगळं आणि माणसं आहेत पण कुलूप आहे ते वेगळं. आमचं घर दोन्ही असतं. माणसं आहेत, पण पनवेलला.

असो. आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

२२ जुलै २०२१. महाडकरांना वेगळं सांगायला नको. आदल्या दिवसापासून पाऊस थांबेना, सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या आणि शहरात पाणी शिरलं ते पार वरपर्यंत. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते झालंच होतं. त्या दिवसांत एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात बसली, की ढिगाऱ्याखाली किती माणसं आहेत हे ठरवायला आधी कुठलं घर बंद होतं आणि कुठल्या घरात आदल्या दिवशी कोण आलं होतं, हे सांगणारा कोणीतरी जिवंत असावा लागतो.

माझं दुःख त्यामानाने क्षुल्लक आहे. २१ तारखेला संध्याकाळी पाणी चढणार असं सगळेच बोलत होते. खिळ्यावर शेजारणीच्या घराची किल्ली होती. तिच्या खाली खोलीत पत्र्याची ट्रंक होती, त्यात तिच्या लग्नाची पैठणी, नवऱ्याचे फोटो, त्यांची पत्रं. ती ट्रंक माळ्यावर टाकायला एक धडधाकट माणूस आणि दहा मिनिटं पुरली असती. मी गेले नाही. गुडघे दुखत होते, आमचंच सामान वर चढवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ट्रंक मला आठवलीच नाही. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा गुडघाभर चिखल होता. ट्रंक उपडी. फोटोंचा लगदा झालेला.

फोनवर ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार काकू, तुमचंच केवढं नुकसान झालं." त्या वाक्याने मला जे झालं ते ती ओरडली असती तर झालं नसतं. ती ओरडू शकत नव्हती. फुकट राखणाऱ्याला जाब विचारता येत नाही. आणि ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्याकडे किल्ली ठेवलेली असते ती कशासाठी? पाचशे रुपये घेणारा माणूस त्या संध्याकाळी गेला असता का, मला माहीत नाही. पण गेला नाही तर का नाही गेलास, असं तिला विचारता आलं असतं.

तर मी त्या मुलाला फोन करून बोलावलं, चुकले म्हटलं, आणि किल्ल्यांच्या मालकांना एकेक करून फोन लावायला बसले.

पाच जण लगेच हो म्हणाले. "कधीपासून शोधत होतो" असंही एक म्हणाला. सहाव्याने सगळं ऐकून घेतलं, दर विचारला, फोटो येतील का विचारलं, आणि मग विचारलं, "मुलगा कुठला? आडनाव काय?" मी सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग, "आमचं देवघर आहे ना बाई त्या घरात. बघतो, कळवतो." त्याने कळवलं नाही.

मुलगा बौद्धवाडीतला आहे. मी वीस-पंचवीस वर्षं दर २० मार्चला वर्गात चवदार तळ्याचा धडा शिकवला आहे. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लावायला १९२७ उजाडावं लागलं, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७. डिसेंबरच्या परिषदेच्या मांडवाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. हे सगळं मी फळ्यावर लिहिलं आहे, आणि हाच मुलगा दुसऱ्या बाकावर बसून ते उतरवून घेत होता. आणि फोनवर त्या गृहस्थाला मी काय बोलले? "बरं, कळवा." एवढंच बोलले.

मग मी नऊही किल्ल्या पुन्हा डोळ्यांखालून घातल्या. आईकडे ज्या किल्ल्या असत आणि माझ्याकडे ज्या आहेत, त्या सगळ्या कोणाच्या? भावकीच्या, नाहीतर आमच्यासारख्यांच्या. मी ज्याला शेजारधर्म म्हणत होते तो आळीच्या कोपऱ्यावर संपत होता. बौद्धवाडीतलीही घरं बंद आहेत, तिथलीही माणसं मुंबईला गेली, पलटणीत गेली, आमच्याहून आधी गेली. त्यांची एकही किल्ली आमच्या खिळ्यावर कधी आली नाही. मला हे पंचाहत्तरीत सुचावं, याचं आश्चर्य वाटतं.

मुलाला मी आडनावाचं सांगणार नव्हते, पण त्यानेच विचारलं, "त्या सहाव्याचं काय झालं?" मी घुटमळले. तो हसला. म्हणाला, "बाई, त्यासाठीच पाचशे ठेवलेत. फुकट करतो म्हटलं असतं तर पाचानेसुद्धा आत घेतलं नसतं. पैसे घेतले की मी कामावरचा माणूस होतो, पावती देतो." मी यावर बोलायला काही शोधत होते तोवर त्याने वही काढली.

वही मात्र मी तपासली, सवयच ती. प्रत्येक घराला एक पान. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय केलं. एका पानावर लिहिलं होतं: "मागील बाजू कौल ३ सरकले, बसवले. घुशीचे बीळ, विटांचे तुकडे भरले. पंप ५ मिनिटे चालवला." शुद्धलेखन अजून तसंच आहे. मी दोन भर घातल्या. एक म्हणजे पावसाळ्यात धूर करायचा, कौलारू घर असेल तर. दुसरी म्हणजे घरात त्या महिन्यात कोण येऊन गेलं आणि कोण मुक्कामाला आहे हे शेवटच्या रकान्यात लिहायचं, आणि वहीची एक प्रत जूनच्या आधी त्या-त्या गावच्या पोलीस पाटलाकडे द्यायची. तळियेचं नाव मी घेतलं नाही, त्याला समजलं.

एका घरमालकिणीने, त्या ठाण्याला असतात, विचारलं आहे की तुळशीपाशी संध्याकाळी दिवा लावाल का, त्याचे वेगळे देईन. मुलगा मला विचारायला आला, दिव्याचे पैसे घ्यायचे का? मी म्हटलं, तेलाचे घे आणि फेरीचे घे. तो म्हणाला, तेलाचेच घेतो, त्या रस्त्याने जातोच मी. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी एका बौद्धवाडीतल्या मुलाच्या हातून त्या तुळशीपुढे दिवा लागतो. बाईंना ते ठाऊक आहे, आडनाव मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, वात कापसाची ना?

खिळ्यावर आता चार किल्ल्या उरल्या आहेत. एक त्या न कळवणाऱ्या गृहस्थांची. दोन भावकीतल्या घरांच्या, त्यांचं आपापसांत ठरत नाही. आणि एक अशी आहे की तिला चिकटवलेला कागद पुरात भिजून गेला. ती कोणाची आहे हे मला आठवत नाही. जाड, पितळी, जुन्या घडणीच्या कुलपाची आहे. मुलगा म्हणतो, फोटो काढून गावमंडळांच्या गटांवर टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण हे वाचणाऱ्या नातलगांपैकी किंवा ओळखीच्यांपैकी कोणी कधी महाडच्या बाईंकडे पितळी किल्ली ठेवली होती असं आठवत असेल, तर एक फोन करा. पावसाच्या आत करा.